हरिसिंगच्या ट्रकवरचा मांडव

त्या आश्विनात पांढरकवड्याच्या शाळेत मधल्या सुट्टीत एकाच गोष्टीची चर्चा असायची: कुणाच्या घरी काय चाललंय. दसरा नुकताच झाला होता. अशोक विजयादशमीला शाळेतल्या धर्मपालच्या वस्तीत पंचशीलाच्या पताका लागल्या होत्या, आणि त्यातली सगळ्यात उंच पताका आपण बांधली, हे तो भेटेल त्याला सांगत होता. कोजागिरी तोंडावर आली होती. पण चौथीतल्या सिपोरा वाक्रूळकरपुढे कुणाचं काही चालत नव्हतं. तिच्या घरी गेले दोन आठवडे सणामागून सण येत होते.

सिपोराचे वडील दानियल वाक्रूळकर रस्तेखात्यात ओव्हरसियर होते. जूनमध्ये त्यांची इथे बदली झाली होती. हे लोक मूळचे कोकणातले यहुदी, बेने इस्राएल. घरात मराठी बोलणारे, प्रार्थना हिब्रूत म्हणणारे. अख्ख्या तालुक्यात त्यांचं हे एकच घर होतं. म्हणून सिपोराला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागे, आणि ते काम तिला फार आवडायचं.

"पहिला नव्याचा सण. म्हणजे आमचं नवीन वर्ष," ती बोटांवर मोजत सांगायची. "मग खिरीचा सण. नारळाच्या दुधातली खीर."

"ते मले मालूम हाय," गौहर म्हणायची. गौहर म्हणजे समोरच्या अब्दुल गनी मेकॅनिकची मुलगी. "दोन वाट्या खाल्ल्या मी."

"मग दारफळणी. त्या दिवशी दारं लावून घ्यायची. पांढरे कपडे घालायचे. मोठी माणसं पाणीसुद्धा पीत नाहीत. दिवसभर नुसती प्रार्थना."

दारफळणीला मोठाच घोटाळा झाला होता. आदल्या दिवशी गौहरच्या आईनं, शमसुन्निसानं, शेवयांची थाळी पाठवली होती, आणि दुसऱ्या दिवशी पाहते तर वाक्रूळकरांचं दार बंद, चूल बंद, कुणाचा आवाज नाही. तिनं दोनदा कडी वाजवली. शेवटी ती नवऱ्याला म्हणाली, "काहीतरी बिनसलं वो. माह्या शेवया गोड कमी होत्या का?" दारफळणीच्या दुसऱ्या दिवसाला शिळा सण म्हणतात, त्या दिवशी सगळ्यांना भेटायला जायचं असतं. सिपोराची आई रिबका ताटभर घाऱ्या घेऊन स्वतः गनींच्या घरी गेली, तेव्हा कुठे शमसुन्निसाचा जीव भांड्यात पडला.

"आणि आता?" धर्मपालनं विचारलं.

"आता मांडवाचा सण! अंगणात मांडव घालायचा आणि आठवडाभर त्यात जेवायचं. आमचे पूर्वज वाळवंटातून चालत आले ना, तेव्हा ते असेच झोपड्यांत राहिले होते."

"लग्न नाई, काई नाई, आन मांडव!" धर्मपाल म्हणाला. पण त्याचे डोळे चमकले होते. मांडव घालायचा म्हणजे बांबू आले, दोर आले, झाडावर चढणं आलं.

आता खरी गोष्ट सांगतो. सिपोरा एवढी उत्साहात होती, तशीच आतून घाबरलेलीही होती. सणासाठी तिचे आजोबा ठाण्याहून येणार होते. मुसाजी आबा. चाळीस वर्षं त्यांनी ठाण्याच्या मुलांना हिब्रू वाचायला शिकवलं होतं. त्यांनी आधीच कळवलं होतं, "तिथे आपलं एकही घर नाही, प्रार्थनेला चार माणसं नाहीत. पोरगी सगळं विसरून जाईल. सण झाला की तिला मी बरोबर घेऊन येतो. आत्याकडे राहील, इथल्या शाळेत जाईल."

बाबा म्हणाले होते, "आबांना येऊन बघू दे. मग काय ते ठरवतील."

सिपोराला जायचं नव्हतं. तिला ठाणं आवडायचं, आत्याही आवडायची. पण तिची शाळा इथे होती, गौहर इथे होती, आणि गनीचाचांच्या गॅरेजमध्ये रोज एक नवा ट्रक येऊन उभा राहत होता. म्हणून तिनं ठरवलं होतं, मांडव असा घालायचा की आबांनी एकदा बघावा आणि म्हणावं, ही काहीच विसरलेली नाही.

बाबा करंजीकडे पुलाच्या कामावर होते. रोज उशिरा यायचे. "तूच बांध," ते म्हणाले, "मी सणाच्या दिवशी लवकर येतो."

मुलांनी बांधला. अंगणातली जमीन सगळी मुरमाड. धर्मपालनं घरून पहार आणली, तरी चार खड्डे खणता खणता हाताला फोड आले. ओढ्याकाठी शिंदीची झाडं होती. तिथून झावळ्या ओढत आणल्या. गौहरनं रंगीत कागदाच्या साखळ्या केल्या. रिबकानं दोन जुन्या चादरी दिल्या, त्यांच्या भिंती झाल्या. सणाच्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर मांडव पुरा झाला, तेव्हा तिघं समोर उभी राहून बघतच राहिली. वरच्या मोठ्या निंबाची सावली मांडवावर पडली होती. आत कसं गार वाटत होतं.

तीन वाजता बाबा सायकलवरून आले. ते मांडवाकडे बघून हसले. मग त्यांनी मान वर केली, आणि त्यांचं हसू थांबलं.

"सिपोरा," ते हळूच म्हणाले, "वर काय आहे?"

"शिंदी."

"शिंदीच्या वर?"

"निंब."

बाबा खाली उकिडवे बसले. "अगं, मांडव झाडाखाली चालत नाही. वरची पानं तोडलेली हवीत, जमिनीत मूळ असलेली नकोत. आणि ती पानं आणि आभाळ यांच्यामध्ये दुसरं काहीही यायला नको. मी तुला सांगायला हवं होतं. ठाण्याला तू नेहमी बांधलेलाच मांडव पाहिलास."

सिपोराचा चेहरा उतरला. "मग हा नाही चालणार?"

"नाही."

"फांदी तोडतो ना मी!" धर्मपाल म्हणाला.

"एक फांदी तोडून काय होतंय? आणि सरकारी झाड आहे, बाळ. रस्तेखात्याच्या अंगणातलं झाड रस्तेखात्याच्याच माणसानं तोडलं, तर साहेब मला सोडेल का?"

अंगणभर निंब पसरला होता. मोकळी जागा नव्हतीच. बाहेर लगेच सडक. आबांची एस.टी. पाचला येणार होती, आणि सूर्य बुडाला की सण सुरू. त्यानंतर बांधकाम करायचं नाही.

सिपोरा रडली नाही. तिनं सगळीकडे नजर फिरवली. सडकेच्या पलीकडे गनीचाचांचं गॅरेज होतं. गॅरेजच्या अंगणात एकही झाड नव्हतं. होते ते नुसते ट्रक. मधोमध हरिसिंगचा ट्रक उभा होता, मागची चाकं काढलेला, लाकडी ठोकळ्यांवर चढवलेला. एक्सल तुटला होता. नवा एक्सल नागपूरहून यायचा होता, आणि तोवर हरिसिंग ट्रकशेजारी बाजेवर पडून राहत होता.

"गौहर," सिपोरा म्हणाली, "त्या ट्रकवर आभाळ आहे."

गौहर तिच्याकडे बघत राहिली. मग दोघी एकदमच धावल्या.

"चाचा! चाचा, हा ट्रक किती दिवस राहणार?"

अब्दुल गनी बोनेटमधून डोकं बाहेर काढत म्हणाला, "अल्ला जाने. नागपूरवाल्याले तार केली हाय. काहून?"

"आम्हाला त्याच्यावर मांडव घालायचाय!"

हरिसिंग बाजेवर उठून बसला. "माह्या गाडीवर? कायले वो पोट्टी? गाडीचं लगीन हाय का?"

"सण आहे आमचा! आबा येणारेत! झाडाखालचा चालत नाही आणि इथे झाड नाही!"

एवढं सगळं एका दमात ऐकून हरिसिंगनं गनीकडे पाहिलं. गनीनं खांदे उडवले. "तुही गाडी तशीबी उभीच हाय ना? कापूस भरून जाऊन राह्यली का कुठं?"

"घाला मंग," हरिसिंग म्हणाला. "पण हौदा झाडून घेजा. मागच्या खेपेले सरकी होती."

दानियल मागून आले होते. "बाबा, चालेल ना?" सिपोरानं विचारलं.

"खरं सांगू? गाडीवरचा मांडव मी कधी पाहिला नाही. चालतो की नाही, मला माहीत नाही. हे आबाच सांगू शकतील."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर या वर्षी मांडव नाही," बाबा म्हणाले. "मी त्यांना आणायला जातो. तुम्ही बांधा."

मग जी धावपळ झाली, ती सडकेवरच्या चहावाल्यानंही चहा सोडून पाहिली. ट्रकच्या हौद्याला तिन्ही बाजूंनी फळ्या होत्याच, त्यामुळे भिंती आयत्या मिळाल्या. हवं होतं ते फक्त छत. धर्मपालनं निंबाखालचे बांबू उपटले. झावळ्यांची रांग सडक ओलांडू लागली. पुढे गौहर, मध्ये धर्मपाल, मागे सिपोरा. नागपूरकडून आलेल्या एका ट्रकनं जोरात हॉर्न दिला आणि थांबून त्यांना वाट दिली. हरिसिंगनं दोर असे आवळले, जसे तो कापसाच्या गाठी आवळायचा. शमसुन्निसानं सरकी झाडून काढली आणि वर जाजम टाकलं. रिबकानं काळ्या मनुका कुस्करून सणाचं सरबत केलं होतं, ती सुरई हातात घेऊन ती खालूनच म्हणत होती, "अरे हळू, अरे हळू."

हरिसिंगनं सगळ्यात शेवटी आपली ताडपत्री काढली. "हे बी टाकून देऊ वरून. दव पडते."

"नको!" तिन्ही मुलं एकदम ओरडली.

"ओरडता काहून?"

"वरून चांदण्या दिसल्या पाहिजेत," गौहर म्हणाली. "ताडपत्री टाकली तं मांडव बाद!"

पाच वाजून गेले. एस.टी. उशिरा आली. ऊन पिवळं होऊन गॅरेजच्या पत्र्यावर आलं, तेव्हा सडकेच्या वळणावर दानियल दिसले. एका हातात वळकटी, दुसरा हात एका उंच, किडकिडीत म्हाताऱ्याच्या कोपराखाली. डोक्यावर काळी टोपी, हातात काठी.

मुसाजी आबांना अंगणात आधी निंबाखालचे चार रिकामे खड्डे दिसले. "मांडव कुठाय?"

"आबा, इकडे चला," सिपोरा म्हणाली. तिच्या केसांत झावळीचे तुकडे होते आणि फ्रॉकला वंगण लागलं होतं.

गॅरेजच्या फाटकात आबा थांबले. ठोकळ्यांवर चढवलेला ट्रक, त्यावर शिंदीचं छत, छतातून लोंबणाऱ्या कागदी साखळ्या, वर उभे असलेले हरिसिंग आणि धर्मपाल. सगळं गॅरेज त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. गनीनं हातातला पाना खाली ठेवला.

"ही गाडी आहे," आबा शेवटी म्हणाले.

"हो आबा. झाडाखालचा चुकला. मीच चुकले. मग इथे बांधला. चालतो का?"

आबांनी काठी जमिनीवर टेकवली. "गाडीवरचा मांडव," ते शिकवायच्या आवाजात म्हणाले, "चालतो. नावेतला चालतो. हे फार जुन्या काळी ठरलेलं आहे. उंटावरचासुद्धा चालतो."

"उंटावर!" धर्मपाल वरूनच ओरडला.

"चालतो. पण सणाच्या दिवशी उंटावर चढायचं नाही, म्हणून उपयोग नाही. तू खाली वाक जरा. ती पानं कशावर टेकली आहेत? बांबूवर की लोखंडावर?"

हरिसिंगच्या ट्रकला ताडपत्रीसाठी लोखंडी कमानी होत्या. धर्मपालनं वाकून पाहिलं. "तीन कोपरे बांबूवर हायेत. हा एक लोखंडावर हाय."

"मग तिथे एक बांबू घाला. लवकर. सूर्य पाहिलात का?"

सूर्य गॅरेजच्या भिंतीला लागला होता. बांबू कुठे होता? सगळे वापरून झाले होते. गनी गॅरेजमध्ये घुसला, आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि तो कपडे वाळत घालायचा बांबू घेऊन बाहेर आला. मागून शमसुन्निसा ओरडली, "माही लुगडी!" हरिसिंगनं बांबू वर घेतला, कमानीच्या आत सरकवला, दोराचे चार वेढे दिले. सिपोरानं झावळ्या लोखंडावरून उचलून बांबूवर ठेवल्या. ती ठेवत होती, तेव्हा पत्र्यावरचं शेवटचं ऊन गेलं.

"झालं?" आबांनी खालून विचारलं.

"झालं!"

"मग मला वर घ्या."

आबांना वर घेणं सोपं नव्हतं. गनीनं खालून ढकललं, हरिसिंगनं वरून काखेत धरलं, आणि आबा "अरे, मी कापसाचं पोतं नाही!" असं म्हणत हौद्यात पोचले. जाजमावर बसून त्यांनी दम घेतला. मग सरबताचा पेला हातात घेऊन प्रार्थना म्हटली. त्यांचा आवाज मोठा आणि घुमणारा होता. चहावाल्याकडे बसलेली माणसं बोलायची थांबली. पूर्वेकडून कोजागिरीचा चंद्र वर येत होता, झावळ्यांच्या फटींतून त्याचे तुकडे जाजमावर पडले.

"मांडवात पाहुणे लागतात," आबा म्हणाले. "खाली कोण कोण आहे?"

खाली सगळेच होते. गनी आणि शमसुन्निसा वर आले. हरिसिंग तर होताच, गाडी त्याची होती. रिबकानं भाकरी, वांग्याची भाजी आणि खीर वाढली. गल्लीतून कुणीतरी कोजागिरीचं आटवलेलं दूध पातेल्यानं वर दिलं. वाक्रूळकरांच्या घरी मांसाबरोबर दूध चालत नसे. पण इथे त्यांच्या रीतीनं बकरं कापणारा कुणी नसल्यामुळे मांस शिजतच नव्हतं. दूध सगळ्यांनी घेतलं.

आबांनी मिशा पुसल्या. "सिपोरा, सांग बघू. छत विरळ का ठेवायचं?"

सिपोरानं तोंड उघडायच्या आत गौहर म्हणाली, "देव दिसला पाह्यजे म्हणून. म्हंजे आभाळ. छपरावर नाई, त्याच्यावर भरोसा ठेवायचा."

आबांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "तुला कुणी सांगितलं?"

"सिपोरानं. ते सगळ्याइले सांगत राह्यते."

"अजून काय सांगते?"

धर्मपाल पुढे सरकला. "दारफळणीले देव पेपर तपासते. नव्याच्या सणापासून सुरू करते आन दारफळणीले निकाल लावते. म्हून तुमी दार लावून बसता. निकालाची भीती वाटते म्हून."

सिपोरानं कपाळाला हात लावला. "तसं नाही रे! देव वहीत लिहितो, असं मी म्हणाले होते!"

पण आबा हसायला लागले होते. आधी हळू, मग इतके मोठ्यानं की त्यांना ठसका लागला आणि दानियलनं त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या. "पेपर तपासतो!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "चाळीस वर्षं शिकवलं मी. असं कुणी सांगितलं नाही."

ठाण्याचा विषय मात्र त्यांनी त्या दिवशी काढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सिपोरा रोज त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि ते रोज संध्याकाळी ट्रकवर चढून जेवायचे.

सण अर्धा झाला होता, तेव्हा नागपूरहून एक्सल आला. गनीनं दुपारपर्यंत बसवला. चाकं चढली, ठोकळे निघाले. हरिसिंग डोकं खाजवत मांडवाकडे बघत होता. "आता ट्रायल घ्या लागते. केळापूरपर्यंत जाऊन येतो. मांडव काढा लागंल."

सिपोरा जागच्या जागी उभी राहिली. मांडव काढायचा म्हणजे सण संपायच्या आधीच संपला.

"काढायचा कशाला?" आबा म्हणाले. "गाडीवरचा मांडव चालतो म्हणालो ना मी? मग गाडी चालली तरी तो मांडवच. मधल्या दिवसांत प्रवास करायला हरकत नाही. दानियल, मला वर घे."

"आबा, पडाल!"

"मी जाजमावर बसतो. मुलांनो, चढा."

कुणाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. गौहर, धर्मपाल, सिपोरा आणि गल्लीतली आणखी पाचसहा पोट्टी हौद्यात चढली. हरिसिंगनं इंजिन सुरू केलं आणि मांडव सडकेवर आला. झावळ्या फडफडल्या, कागदी साखळ्या मागे उडाल्या. शेतातून बाया कापसाची बोंडं सोडून बघायला बांधावर आल्या. समोरून येणारे ट्रकवाले हॉर्न देत होते आणि हरिसिंग प्रत्येकाला उलट हॉर्न देत होता. आबा एका हातानं टोपी आणि दुसऱ्या हातानं फळी धरून बसले होते.

"आबा, भीती वाटते का?" सिपोरानं ओरडून विचारलं.

"वाटते! हा कधी थांबणार?"

केळापूरला ट्रक थांबला. हरिसिंग चाकं तपासायला खाली उतरला. मुलं उड्या मारून विहिरीकडे पळाली. सिपोरा मागे राहिली. तिला आता विचारल्याशिवाय राहवेना.

"आबा, मला ठाण्याला जायचंय का?"

आबांनी टोपी नीट केली. "तुला हिब्रू किती वाचता येतं?"

"थोडं," ती म्हणाली. मग खरं बोलली, "अक्षरं येतात. शब्द जुळत नाहीत."

"हे वाईट आहे. शिकायला हवं. प्रार्थना दुसऱ्याची ऐकून किती दिवस म्हणणार?" त्यांनी विहिरीकडे पाहिलं. तिथे धर्मपाल हातवारे करून गावातल्या मुलांना काहीतरी सांगत होता. "उंटावर" हा शब्द इथपर्यंत ऐकू आला. "पण तू ठाण्याला गेलीस, तर यांना पुढचं कोण सांगणार? तो पोरगा देवाला मास्तर करून बसलाय, ते तसंच राहील."

"मग?"

"मग शिकणारी इथे आहे, तर शिकवणाऱ्यानं यायला हवं. ठाण्याला माझी कुणी वाट बघत नाही, तुझी आत्या सोडली तर. तिला कळवू." त्यांनी काठीनं हौद्यावर ठक ठक केलं. "इथे हिवाळा कसा असतो?"

"मले काय मालूम," सिपोरा म्हणाली आणि तिनं जीभ चावली. "म्हणजे, मला माहीत नाही, आबा. आम्ही जूनमध्येच आलो. पण गौहर म्हणते लय थंडी पडते!"

"लय," आबांनी तो शब्द चाखून पाहावा तसा म्हटला. "मग तुझ्या बाबांना एक जाड रजई घ्यायला सांग. उद्या सकाळी पहिला धडा. उशीर चालणार नाही."

सिपोरा हौद्यातून खाली उडी मारून विहिरीकडे धावत सुटली. ती काय ओरडत होती ते आबांना कळलं नाही. पण विहिरीवरची सगळी मुलं एकदम आरडाओरडा करत तिच्याबरोबर परत धावत आली, आणि हरिसिंगनं घाईघाईनं विडी विझवली.

"चला, बसा," तो म्हणाला. "येतानी जोरात नेतो."

"अजिबात नाही!" मांडवातून आबा ओरडले.